समूहवर्तन विभागातला एकटा माणूस

५ जानेवारी, सोमवार

सभांमध्ये मागच्या रांगेत बसून जांभया गिळणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! आयुष्यभर आपण काय केलं? ऐकलं! एकजण उठला, बोलला, आपण ऐकलं. तो पाणी प्यायला थांबला, तेवढाच आपल्याला श्वास घ्यायला मिळाला. हे आपलं सगळ्यांचं सामाईक दुखणं आहे आणि त्याविरुद्ध मी गेली तीस वर्षं, मिळेल त्या व्यासपीठावरून, वेळेची पर्वा न करता बोलत आलो आहे.

ही वही खाजगी आहे. ती कोणी वाचणार नाही. पण समोर श्रोते आहेत असं धरल्याशिवाय माझं पेन चालत नाही. तेव्हा श्रोतेहो, बसा.

आज आमच्या संस्थेच्या संचालकबाईंनी बोलावलं. त्यांच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्च्या मुद्दाम टणक ठेवलेल्या आहेत, म्हणजे कोणी फार वेळ बसत नाही.

"सर, तुमच्या विभागात सध्या माणसं किती?"

"विभागप्रमुख धरून?"

"धरून."

"एक."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समूहवर्तनाचा अभ्यास करणारा विभाग, आणि त्यात माणूस एक. मंडळाने विचारलं तर मी काय तोंडाने सांगू?"

मी इतिहास सांगायला सुरुवात केली. एक सहकारी जाहिरातीच्या धंद्यात गेला, दुसरीने बदली मागितली, तिसरा माझ्या एका व्याख्यानाच्या मध्यंतरात बाहेर गेला तो परत आलाच नाही. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. मंडळाचा विचार असा आहे की माझा विभाग स्टॉपवॉचच्या विभागात विलीन करावा.

स्टॉपवॉच म्हणजे माझा समोरच्या खोलीतला सहकारी. गळ्यात सदैव ते यंत्र. लाल दिवा लागल्यावर माणूस बटण किती लवकर दाबतो, हे तो वीस वर्षं मोजतो आहे. त्याच्या लेखी माणूस म्हणजे एक बोट! आणि त्या बोटाखाली मी काम करू? ज्याने सिद्ध केलं की गटातला नेता काढून घ्या, मार्गदर्शकाने तोंडाला कुलूप लावून नुसतं बसून राहावं, गट आपोआप शहाणा होतो? त्यावर माझं जाड पुस्तक आहे. विद्यार्थी ते दाराला अटकाव म्हणून वापरतात हे मला माहीत आहे. महत्त्वाचं हे की ते दार उघडं राहतं.

बाई म्हणाल्या, "विद्यार्थ्यांना बिस्किटं देऊन टेबलाभोवती बसवण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. खरी माणसं घ्या, खरं भांडण घ्या. शेजारच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोन तट पडलेत, चादरी वेळेवर मिळत नाहीत म्हणून अधीक्षक रडतायत. तुमचा सिद्धांत तिथे चालवून दाखवा. फेब्रुवारीत मी बघायला येईन. चाललं तर विभाग राहील."

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"म्हणजे तिथे जाऊन तुम्हाला गप्प बसायचंय?"

"हो. पद्धतच तशी आहे."

"तुम्हाला?"

"हो."

ती स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ आवाज येत होता. बाहेर येऊन म्हणाली, ठसका लागला होता.

६ जानेवारी, मंगळवार

लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात आहे. एका बाजूला धुलाईचे मोठे ड्रम, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा रोलर, घड्या घालायचं लांबलचक टेबल आणि शिवणयंत्र. मधोमध जमिनीवर एक पिवळी रेषा आखलेली. ड्रमवाल्यांना सगळे 'ओले' म्हणतात आणि टेबलवाल्यांना 'कोरडे'. धुतलेल्या कपड्यांची ट्रॉली ओले लोक रेषेपर्यंत आणतात आणि सोडून देतात. कोरड्यांचं म्हणणं, ट्रॉली टेबलापर्यंत आणणं हे ओल्यांचं काम. ओल्यांचं म्हणणं, रेषेपलीकडे आमचं काही नाही. मग ट्रॉली रेषेवर उभी राहते आणि वरच्या मजल्यावर पेशंट उघड्या गादीवर झोपतात.

ओल्यांचा पुढारी म्हणजे भोंगा. ड्रमच्या आवाजावर मात करायची सवय लागल्यामुळे तो कुजबुजला तरी जिन्यात ऐकू जातं. कोरड्यांच्या बाजूला मावशी. पांढरे केस, मनगटं पैलवानाची, आणि चादरीची घडी अशी की कागद कापावा. शिवणयंत्रावर एक शिवणताई असते, ती तोंडात टाचण्या धरून बोलते.

अधीक्षक माझी ओळख करून देणार होते, पण जिन्यातच त्यांचा फोन वाजला. ते घाईघाईने एवढंच म्हणाले, "हे मानसशास्त्र विभागाकडून आलेत. दर मंगळवारी इथे बसतील. यांना त्रास देऊ नका," आणि पळाले.

मी एक स्टूल घेऊन बरोबर रेषेवर बसलो. माझ्या पद्धतीत मार्गदर्शक स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही. नाव सांगितलं की अधिकार आला, अधिकार आला की नेता आला!

"कोण हो तुम्ही?" भोंग्याने विचारलं.

मी मंद स्मित केलं.

"नाव काय तुमचं, साहेब?"

मी स्मित तसंच ठेवलं. शिवणताईने टाचण्या तोंडातून काढल्या. मावशीने रेषेपलीकडे भोंग्याकडे पाहिलं, भोंग्याने मावशीकडे. अधीक्षक सांगत होते की गेल्या दिवाळीपासून त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलंसुद्धा नाही. मग मावशीने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना खूण केली आणि तळघर शांत झालं.

पहिल्याच दिवशी! गटाने स्वतःहून शांतता निवडली!

तीन तास एकही शब्द न बोलता काढले. घरी दारातून आत शिरल्यापासून जेवण होईपर्यंत बोललो. अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "वाक्य संपलं की मला उठव."

१३ जानेवारी, मंगळवार

प्रगती थक्क करणारी आहे. निरीक्षणं लिहून ठेवतो.

मी जाताच शिवणताईने आपली मोठी कात्री उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. टाचण्यांची डबीही. माझा अन्वयार्थ: गट आपली सत्तेची साधनं स्वेच्छेने खाली ठेवतो आहे. इथे ती वर ठेवली गेली, हा तपशील गौण.

चहा आला तो मला कपात न देता बशीत, फुंकून गार करून. मावशीने बशी माझ्या हातात दिली आणि आपला हात बशीखाली तसाच धरून ठेवला. समतेचं याहून सुंदर रूप मी पाहिलेलं नाही.

आणि भाषा! मावशी माझ्यासमोर टॉवेल धरून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "हा... टॉ... वेल." मग चादर दाखवली. "ही... चा... दर." मी माझ्या पुस्तकात लिहिलंच आहे की नवा गट जन्मताना भाषेच्या मुळाशी जातो. स्टॉपवॉचने हे पाहायला हवं होतं. बोटं मोजत बसला आहे लेकाचा!

भोंगा रेषेपाशी येऊन मावशीला त्याच्या कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "डोळे बघितले का त्यांचे? काहीतरी बोलायचंय बिचाऱ्यांना. गळ्यापर्यंत येतंय."

हा माणूस अडाणी नाही. तीन तास माझ्या गळ्यापर्यंत एक संपूर्ण व्याख्यान येऊन उभं होतं.

२० जानेवारी, मंगळवार

आज रेषा ओलांडली गेली!

ट्रॉली भरून आली आणि नेहमीसारखी रेषेवर थांबली. माझं स्टूल तिच्या वाटेत. मी तत्त्वतः हलत नाही. भोंगा ओरडला, "अरे, साहेबांच्या पायावर जाईल!" आणि त्याने स्वतः ट्रॉलीला वळसा घालून ती थेट मावशीच्या टेबलाला नेऊन लावली. मावशी म्हणाली, "ठेवा तिथे. चहा घेऊन जा." एवढंच. पण मी तिथे होतो. नेता नव्हता, आदेश नव्हता, भाषण नव्हतं!

नंतर मला एक टॉवेल दिला घडी घालायला. मी घातली. मावशीने ती मोडून पुन्हा माझ्यापुढे ठेवली. मी पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी जमली तेव्हा ओले आणि कोरडे दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. भोंग्याने तर डोळे पुसले. तळघरात वाफ फार असते.

पदवीदान समारंभातसुद्धा मला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे, पण लिहून ठेवतो: घरी येताना मी तो टॉवेल आठवत होतो, सिद्धांत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

कँटीनमध्ये स्टॉपवॉच समोर येऊन बसला. "ऐकलं, तुमचं लाँड्रीत छान चाललंय."

"तुमचं बोट कसं आहे?" मी विचारलं.

त्याने चहा संपवला, गळ्यातल्या यंत्राकडे पाहिलं आणि गेला. तो रोज एकटाच जेवतो हे माझ्या आज लक्षात आलं. मीही रोज एकटाच जेवतो, पण मी विचार करत असतो.

२७ जानेवारी, मंगळवार

चादरींचा ढीग संपला. अधीक्षकांनी संचालकबाईंना फोन करून माझे आभार मानले. आता ओले आणि कोरडे मधल्या सुट्टीत माझ्याभोवती एकत्र बसतात. भोंगा विनोद सांगतो. विनोद वाईट असतात, पण तो ते माझ्याकडे बघत, फार आशेने सांगतो. मावशी म्हणते, "हसले! ओठ हलले, मी बघितलं." मग शिवणताई मला मोसंबी सोलून देते, बी काढून.

संध्याकाळी हे सगळं घरी रंगवून सांगत होतो. बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"अहो, ती कात्री वर का ठेवली तिने?"

मी सत्तेच्या साधनांबद्दल सांगितलं.

"आणि चहा बशीत?"

"समता."

"आणि टॉ-वेल?"

"भाषेचं मूळ."

ती काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, "काही नाही. पुढच्या वेळी जाताना जरा दाढी करून जा."

अण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तिला म्हणायचंय, ते लोक तुला पेशंट समजतायत."

मी मनमुराद हसलो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला असं काहीही वाटू शकतं.

२९ जानेवारी, गुरुवार

पेशंट! म्हणे पेशंट.

३ फेब्रुवारी, मंगळवार

श्रोतेहो, आज माझ्या पायाखालची जमीन सरकली.

सुट्टीत भोंगा माझ्या शेजारी उकिडवा बसला. आज त्याने विनोद सांगितला नाही. ड्रम बंद होते, म्हणून असेल, पण त्याचा आवाज चक्क माणसासारखा होता.

"साहेब, माझा धाकटा भाऊ असाच गप्प झाला होता. दोन वर्षं. घरात हळूहळू सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याच्या समोरच त्याच्याबद्दल बोलायचे, तो नसल्यासारखं." त्याने ओले हात विजारीला पुसले. "मावशीला म्हटलं, इथे असं होऊ द्यायचं नाही. तुम्ही बोला न बोला. आम्ही बोलत राहू. काय?"

त्याने माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि ड्रम सुरू करायला गेला.

कात्री. बशी. चा-दर. सगळं माझ्या डोक्यात एकदम उजळलं, आणि त्या उजेडात मी स्टुलावर बसलेला दिसलो: जगप्रसिद्ध नसला तरी जिल्ह्यात माहीत असलेला वक्ता, आणि आजूबाजूला त्याला बोलतं करण्यासाठी झटणारी माणसं. ट्रॉली रेषा ओलांडत होती ती माझ्या सिद्धांतामुळे नाही. माझी दया येऊन.

४ फेब्रुवारी, बुधवार

"सांगून टाका," बायको म्हणाली.

"सांगितलं तर गट फुटेल. बाई सतराला येणार आहेत. विभाग जाईल."

"मग नका सांगू."

"मग ती फसवणूक झाली! इतक्या साध्या माणसांची! मी आयुष्यभर व्यासपीठावरून सत्याची कास धरली..."

"मग मला कशाला विचारता? तुम्ही दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलताय. मी मध्ये नुसती कांदा चिरतेय."

अण्णा म्हणाले, "सांग. तुझं तोंड बंद राहणं निसर्गाविरुद्ध आहे."

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

मी कपड्यांची मोठी टोपली उपडी केली आणि तिच्यावर उभा राहिलो. "मित्रांनो!" म्हणालो. ड्रम थांबले. रोलर थांबला. शिवणताईच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या.

मग मी बोललो. इतक्या आठवड्यांचं साठलेलं सगळं बोललो. मी रुग्ण नाही, अभ्यासक आहे, म्हणालो. तुमची माफी मागतो, म्हणालो. नेतृत्व, सत्ता, पिवळी रेषा, माणसामाणसांतल्या सगळ्या पिवळ्या रेषा, काहीही सोडलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते उत्कृष्ट भाषण होतं. एकानेही जांभई दिली नाही. सगळे रडत होते!

मी खाली उतरलो तेव्हा मावशीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बोलले! बाई गं, बोलले! आणि किती छान बोलतात!"

"मावशी, पण मी काय म्हणालो ते कळलं ना? मी पेशंट नव्हतोच. मी शास्त्रज्ञ आहे."

"हो हो. शास्त्रज्ञ आहात. बसा आता. दमला असाल."

भोंग्याने मला उचलून घेतलं. शब्दशः. वरच्या मजल्यावरच्या नर्स बघायला आल्या. बिस्किटं वाटली गेली. माझ्या कबुलीचं एक अक्षरही कोणाच्या कानात शिरलं नाही. त्यांना फक्त आवाज ऐकू आला होता, आणि तो आला म्हणून ते आनंदाने वेडे झाले होते.

आणि मग घात झाला. भोंगा म्हणाला, "शेवटी विनोदानेच काम केलं."

मावशीची मान वळली. "कसला विनोद? टॉवेलाच्या घड्यांनी बोलते झाले ते. तुमचे विनोद ऐकून धडधाकट माणूस गप्प होईल."

"म्हणजे आम्ही ओल्यांनी काहीच केलं नाही?"

"ट्रॉली ढकलली. ती तशीही ढकलायलाच हवी होती."

मी निघालो तेव्हा ट्रॉली रेषेवर उभी होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज जातो आहे. रोज समजावतो आहे. काल ओल्यांपुढे एक व्याख्यान आणि कोरड्यांपुढे एक. आज दोघांना एकत्र. मावशी घड्याळाकडे बघत होती. भोंग्याने माझं बोलणं चालू असताना ड्रम सुरू केला. मी आता बरा झालेला माणूस आहे, माझ्याकडे कोणाचं लक्ष नाही. चहा मिळतो, पण कपात, आणि ज्याचा त्याने उचलून घ्यायचा.

बशी आठवते.

बायको म्हणाली, "पुन्हा गप्प बसून बघा ना." मोह होतो. पण ते नाटक होईल. मी नाटक करणार नाही. करणार नाही म्हणजे नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

संचालकबाई आल्या. सोबत स्टॉपवॉच, गळ्यात यंत्र.

ट्रॉली रेषेवर, कडेपर्यंत भरलेली. एका बाजूने भोंगा, दुसऱ्या बाजूने मावशी, आणि दोघांच्या मधे माझं "मित्रांनो, एक क्षण!" कोणालाच ऐकू जात नव्हतं. वरून एक वॉर्डबॉय चादरी मागायला आला, त्याने परिस्थिती पाहिली आणि आल्या पावली परत गेला.

बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, मला पुरेसं दिसलं. एक तारखेपासून विभाग विलीन. सॉरी."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. या प्रसंगासाठी माझ्याकडे भाषण तयार होतं. तीस वर्षं तयार होतं.

काही आलं नाही.

मी पुन्हा तोंड उघडलं. आत शब्द नव्हते. मला वाटतं मी स्टूल शोधलं आणि बसलो. हात मांडीवर ठेवले. समोर ट्रॉलीचं चाक होतं, त्याला एक दोरा गुंडाळला गेला होता, तो मी बघत राहिलो. ही पद्धत नव्हती, श्रोतेहो. मी खरंच सांगतो, ही पद्धत नव्हती.

आधी मावशी गप्प झाली. मग भोंगा.

"परत बंद पडले," मावशी म्हणाली.

त्यानंतर काय झालं ते मी बसल्या जागेवरून पाहिलं. भोंगा रेषा ओलांडून आला की मावशी ओलांडून गेली ते सांगता येणार नाही, दोघं एकदम माझ्यापाशी होते. शिवणताईने कात्री वर ठेवली. "गर्दी करू नका, वारा येऊ द्या!" "पाणी आणा!" "आधी ट्रॉली काढा मधून, त्यांना मोकळं वाटू दे!" दोन ओल्यांनी आणि दोन कोरड्यांनी ट्रॉली धरली आणि टेबलाला नेली. "हातांना काम ठेवा, हाताला काम असलं की त्यांना बरं वाटतं," असं म्हणून मावशीने माझ्या मांडीवर टॉवेल ठेवला. मी घडी घालायला लागलो.

मग ती संचालकबाईंकडे वळली. "बाई, तुम्ही यांना काही बोललात का? ओरडू नका हो त्यांना. आत्ताच कुठे बरे होत होते."

बाई म्हणाल्या, "कोण बरे होत होते?"

मावशीने सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून, बशीसकट. बाई कधी माझ्याकडे बघत होत्या, कधी तिच्याकडे. आणि स्टॉपवॉच पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. तो कोणी आणायला सांगितला होता कोण जाणे. मी तो घेतला तसा मावशीने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि चादरीचं एक टोक त्याला दिलं.

"धरा. कोपरा धरा, साहेब. तो नाही, कोपरा!"

स्टॉपवॉचने कोपरा धरला. घडी चुकली. तिने मोडली आणि पुन्हा दिली. चौथ्या चादरीला त्याचं यंत्र घडीत अडकायला लागलं, तेव्हा त्याने ते गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

निघताना जिन्यात बाईंनी विचारलं, "तुम्ही आजारी आहात असं यांना कोणी सांगितलं?"

माझा आवाज परत आला होता, पण लहानसा. "कोणी नाही. गटाने ठरवलं."

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "गुरुवारी मंडळ आहे. मी तुम्हाला दहा मिनिटं देते. मत मंडळ देईल, मी काही वचन देत नाही. पण जे झालं ते सांगा. जसं झालं तसं."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मंडळ अकरा वाजता आहे. भाषण मी अठरा पानांचं लिहिलं होतं. बायकोने सकाळी चहाबरोबर वाचलं आणि सतरा पानं परत दिली. म्हणाली, "हे त्यांना माहीत आहे, हे तुम्हालाही माहीत नाही, आणि हे तुमच्या पुस्तकात आहे." अण्णांपुढे उरलेलं पान वाचून दाखवलं. शेवटपर्यंत जागे होते.

ते पान इथे उतरवून घेतो आणि निघतो.

"मंडळाच्या सन्माननीय सदस्यांनो! कोणता विभाग ठेवायचा आणि कोणता बुडवायचा हे दरवर्षी इथे बसून, कधी ती माणसं न बघता ठरवायचं, हे तुमच्या नशिबी आलेलं काम आहे, आणि ते तुम्हालाही आवडत नाही हे मला माहीत आहे. म्हणून मी तुमचं काम सोपं करतो. माझा सिद्धांत चुकला. नेता काढून घेतल्याने लाँड्री शहाणी झाली नाही. मी गप्प बसल्याने झाली नाही आणि मी बोलल्याने तर मुळीच नाही. एक माणूस अडला आहे असं त्यांना वाटलं, तेवढ्यापुरती त्यांनी भांडणं बाजूला ठेवली. तो माणूस बरा झाल्यावर ती पुन्हा उचलली. हे असं का होतं, आणि माणसं एकमेकांसाठी किती वेळ भांडणं बाजूला ठेवू शकतात, हे मला माहीत नाही. तीस वर्षांत मी ते कधी मोजलं नाही, कारण मी बोलत होतो.

हे मोजायला वेळ नीट मोजणारा माणूस लागतो. तो तुमच्याकडे आहे. माझ्या समोरच्या खोलीत बसतो आणि एकटा जेवतो. मी काल त्याला विचारलं. तो म्हणाला, त्याला चादरीचा कोपरा अजून नीट जमत नाही, पण तो मंगळवारी यायला तयार आहे.

तेव्हा माझा विभाग त्याच्या विभागात घालण्याचा ठराव तुमच्यापुढे आहे, तो उलटा करा. त्याला माझ्याकडे पाठवा. एका माणसाने समूहाचा अभ्यास होत नाही, दोघांनी निदान सुरुवात होते. चर्चा नको, भाषणं नकोत, माझंही इथेच संपलं. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी आत्ता, मी उभा आहे तोवर, हात वर करा."